बरण्यांच्या राज्यात ग्रंथ अडला त्याची बखर

श्री. चुलीस, खलबत्त्यास आणि ज्या हातांस मिठाचा अंदाज उमगला त्या सकळ हातांस नमन असो. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सरी, वैशाखापासोन कार्तिकापर्यंत जे वर्तमान जाले, ते जैसे कानी आले तैसे येथे उतरिले असे.

लोणच्याच्या मुलखात श्रीमंत वैजयंतीबाईसाहेब यांचा अंमल. तीस वर्षांमागे दोन बरण्या, एक विळी आणि हौसाक्का एवढ्या फौजेनिशी मोहीम आरंभिली, आणि आता कारखान्यात चाळीस बायका व पाच जिल्ह्यांत माल. राज्याचा दस्तूर ऐसा की, प्रत्येक घाण्याचे, म्हणजे एका वेळी घातलेल्या लोणच्याचे, बोट हौसाक्कांनी जिभेस लावावे, "हूं" म्हणावे, मगच झाकण लागावे. आणि "हूं" न आला तर अक्का शब्द बोलत नसत. बरणीच्या तोंडी फडक्याचा दादरा पुन्हा बांधून पुढे जात. म्हणजे समजावे की अजून मुरले नाही. त्या निकालावर दाद मागणे नाही.

ऐसियात चिरंजीव रणजितराव व्यापाराची थोर विद्या शिकोन आले आणि बोलिले, "आई, तुझं पुस्तक आलं पाहिजे. दसऱ्याला वितरकांचा मेळावा आहे, तिथंच प्रकाशन." बाईसाहेब म्हणाल्या, "अरे, मला वाण्याची यादी लिहायची तरी दोन कागद फाडते मी." परंतु मनात गुदगुल्या जाल्याच. मग आधी मुखपृष्ठ छापोन आले, त्यावर हाताची घडी घातलेल्या बाईसाहेबांची तसबीर, आणि नाव 'यशाची अकरा सूत्रे'. मग सूत्रे शोधू लागले तो सातच सापडली. मग चार सूत्रे इकडून तिकडून वेठीस धरोन आणिली. आणि बाईसाहेब लिहावयास बैसल्या म्हणावे तर बैसल्या कोठे! सकाळी ओसरीवर मुकाम, तेथून माडीवर कूच, तेथे पंख्याचा आवाज म्हणोन स्वयंपाकघरात, तेथे ओट्याचा डाग दिसला तो पुसला, मग डबेच घासावयास काढिले. चिरंजीव म्हणत, "लोकांना दूरदृष्टी हवी, आई, डबे नकोत." मग 'दूरदृष्टी' हा शब्द एका पानात नऊ वेळा घातला आणि पान वाचोन बाईसाहेबांस आपलीच ओळख पटेना. तरी रेटीत रेटीत श्रावणअखेर ग्रंथ तडीस गेला.

तेव्हां बाईसाहेबांचे मनी आले की, अक्कांनी न चाखिलेला माल या राज्यातून बाहेर गेला नाही, हा कैसा जावा? अक्कांस अक्षरओळख नव्हती. मग मिरच्यांची देठे खुडीत अक्का बैसल्या आणि बाईसाहेबांनी वाचोन दाखविले. पहिल्या चार प्रकरणांस अक्कांनी दोन जांभया दिल्या. पाचवे निघाले, 'संकट हीच संधी'. त्यात वाक्य आले की, 'एका अनुभवी कर्मचाऱ्याची चाखण्यात चूक झाली, त्यातून आम्ही शिकलो.' अक्कांचे हात थांबले. उठल्या, स्वच्छ फडके आणिले, कागदांच्या गठ्ठ्यास दादरा बांधिला आणि देठे खुडावयास पुन्हा बैसल्या.

त्याचे कारण ऐसे. पंधरा वर्षांमागे दिवाळी तोंडावर आली असता लिंबाच्या घाण्यास अक्कांनी दादरा बांधिला होता, तो खुद्द बाईसाहेबांनी सोडून माल रवाना केला. मग दुकानोदुकानी बरण्या फसफसल्या, झाकणे उडाली, आणि वितरक चालोन आले तेव्हां बाईसाहेबांच्या तोंडून निघोन गेले की, आमच्या चाखणाऱ्या बाईंची जीभ चुकली. अक्का दाराशीच उभ्या होत्या. दुसरे दिवशी वेळेवर कामास आल्या.

चिरंजीव म्हणाले, "नाव कुठं घेतलंय आपण? नुसतं 'कर्मचारी' म्हटलंय."

"चाखणारी एकच आहे रे आपल्याकडे. वाचणाऱ्याला कळायचं ते कळतंच."

"आणि खरं लिहिलंस तर? भर मेळाव्यात म्हणतील, मालकिणीनंच कच्चा माल पाठवला."

त्या दिवसापासोन बाईसाहेबांचा जीव थाऱ्यावर राहीना. चहा ओतावा आणि विसरावा, पायरी चढावी आणि कशास चढलो ते आठवू नये. पाचवे प्रकरण आठ वेळा आरंभिले. एकदा लिहिले, 'माल रवाना झाला', जणू लिंबे आपल्या पायांनी चालोन गेली. एकदा लिहिले, 'निर्णय घेण्यात आला', आणि कोणी घेतला ते कागदास विचारावे. दसरा आला आणि गेला, चिरंजीव रुसले, छापखान्यातून निरोपावर निरोप आले. शेवटी एके बुधवारी, डबे न घासता, उभ्या उभ्याच लिहिले, 'दादरा मी सोडला. बोल अक्कांना लावला.' मग पुढचे आपोआप आले.

मग कारखान्यात चाळीस बायकांदेखत वाचिले. 'तेव्हा आठ दिवस आभाळ होते, बरण्यांना ऊन लागले नाही, आणि मला घाई झाली,' ऐसे वाचिले तो अक्का म्हणाल्या, "थांबा वैनी. आभाळ कुठलं?"

"होतं की, अक्का."

"न्हवतं. चांगलं कडक ऊन होतं. मी रोज बरण्या फिरवत हुते. लिंबू मुरायला दिस लागत्यात, तुमी थांबला न्हाई. आभाळाला कशाला मधी घेता?"

बायका खाली पाहू लागल्या. बाईसाहेबांनी पेन मागितले, आभाळ खोडिले, आणि राहिले ते पुन्हा पहिल्यापासोन वाचिले. अक्कांनी शेवटपर्यंत ऐकिले. पदरास बोटे पुसली.

"हूं," म्हणाल्या. आणि मग, "मिरच्या संपवा गं, बघत काय बसलाय."

येणेप्रमाणे ग्रंथ कार्तिकात निघाला. मेळावा हुकला, दोघे वितरक फिरकले नाहीत, पाचव्या प्रकरणात कबुली राहिली आणि सूत्र गेले ते गेले. मुखपृष्ठ आधीच छापिले असल्याकारणे वर अकरा आणि आत दहा. वाचकांची पत्रे येतात की एक सूत्र कोठे आहे. चिरंजीव म्हणतात, पुढील आवृत्तीत घालू. बाईसाहेब ती पत्रे अक्कांस वाचोन दाखवितात आणि अक्का मिरच्यांची देठे खुडीत हसतात. इतकेच जाले.