गुंडाळलेल्या सायकलींचं दुकान

सायकल कंपनीने पर्यावरण वाचवायचं ठरवलं आणि पहिली झळ मालकीणबाईंच्या दुकानाला लागली. दुकानात प्लास्टिकचा कपटा जरी सापडला तरी एजन्सी रद्द, असा हुकूम घेऊन तपासनीस दारात उभा. धनी गेल्यापासून बाईंनी याच दुकानावर घर चालवलं होतं.

"साहेब, सायकल तुम्हीच धाडता की गुंडाळून. हँडल, सीट, चाकं, पायडलसुद्धा पिशवीत. मग कचरा माझा कसा?"

"बाई, गुंडाळलेलं असतं तोवर ते संरक्षक आवरण. सोडलं की कचरा. आणि कचरा सोडणाऱ्याचा."

"वा! जेवायचं तुम्ही, खरकटं काढायचं मी!"

"नियम आहे," तपासनीस म्हणाला. त्यापुढचं त्याला शिकवलेलं नव्हतं.

बाईंना शाळा फारशी लाभली नव्हती, पण खूणगाठ बांधायला शाळा लागत नाही. त्यांनी सुनेला बजावलं, "आजपासून काही सोडायचं नाही. आली तशी विकायची."

"पण आई, चाकं फिरणार कशी?"

"आपण विकायची. फिरवायचं गिऱ्हाइकाने बघावं."

सुनेला वाटलं, आता लोक अंगावर येणार. झालं उलटंच. लोक हरखले. नवी कोरी वस्तू जन्मभर नवी कोरी! एका मास्तरांनी सायकल खांद्यावर घेऊन घरी नेली आणि बैठकीच्या खोलीत टेकवली. पोराने हात लावला की पाठीत धपाटा. ते पाहून शेजारणीने दोन नेल्या. घरोघरी सायकली झाल्या, रस्त्यावर एक दिसेना. कचरा शून्य. धूर तेवढा वाढला, कारण जो तो मोटारीने जाऊ लागला. पण धूर दुसऱ्या खात्याकडे होता.

कंपनीने बाईंना पहिलं बक्षीस दिलं: सायकल, तीन पदरी गुंडाळलेली. ती घेऊन तपासनीस अर्थातच मोटारीने आला.

सून हळूच म्हणाली, "आई, ही तरी सोडूया. गुडघे धरून बाजाराला चालत जाता. होऊ दे काय व्हायचं ते."

बाईंचा हात चिकटपट्टीकडे गेला. तपासनिसाने मुद्दाम तोंड फिरवलं. माणूस अगदीच वाईट नव्हता. पण हात आपणहून मागे आला.

"नको गं," बाई म्हणाल्या. "खराब होईल."

यावर ज्याला हसू येईल, त्याने आधी आपल्या टीव्हीच्या रिमोटवरची पिशवी काढावी. काढलीच, तर दुकानापाशी आणून टाकू नये. बाईंची एजन्सी जाईल.