गिऱ्हाइकं बाल्कनीत

टेलरची बायको नर्सिंगच्या ट्रेनिंगला परगावी गेली आणि तीन वर्षांची ठकी बापाच्या एकट्याच्या हवाली झाली. अशा एकट्या पडलेल्या आईबापांच्या घरी जाऊन मूल सांभाळायला हात देणाऱ्या एक ताई दर आठवड्याला येत. आज मात्र सासूबाईही हजर होत्या, ठकीच्या कपड्यांसाठी रिकामी पिशवी घेऊन. ताईंनी जरा जरी नाक मुरडलं तर नातीला आपण घेऊन जाणार, असं त्यांनी जावयाला बजावलं होतं. बिचाऱ्याचा सकाळपासून जीव थाऱ्यावर नव्हता.

मागच्या खेपेला ताईंनी बाल्कनीच्या दाराला आतून कडी लावायला सांगितली होती. त्याने लावली, पण मशीनवर बसल्या बसल्या हात पोचावा म्हणून चांगली खाली. ताईंनी घाईघाईत शाबासकी दिली आणि कठडा बघायला बाल्कनीत गेल्या. मागोमाग जावई गेला, आणि त्याची एखादी चूक नजरेतून सुटायला नको म्हणून सासूबाईही गेल्या. आत राहिलेल्या ठकीने दार ओढलं आणि बाबा लावतो तश्शी कडी लावून टाकली.

"कात्री कुठंय?" सासूबाईंचा आवाज चिरकला.

"वर खुंटीला. इस्त्रीही बंद आहे, आई," तो म्हणाला.

खिडकीतून ठकी दिसत होती. ताईंनी गोड आवाज लावला, कौतुक केलं, गोष्ट सांगितली. ठकीने मन लावून ऐकली आणि आणखी एक मागितली. सासूबाईंनी बिस्किटांचं आमिष दाखवलं. बिस्किटांचा डबा आतच होता, तो ठकीने उघडला.

शेवटी टेलरने घसा खाकरला, दारावर टकटक केली आणि अदबीने विचारलं, "टेलरसाहेब, दुकान उघडं आहे का?"

हा बापलेकीचा रोजचा खेळ. ठकीने लगेच टेप गळ्यात अडकवली आणि बाबा गिऱ्हाइकांना सांगतो तेच सांगितलं, "उद्या या."

ताईंना हसू आवरेना. सासूबाईंचं टाळकं सटकलं, कारण त्यांचा स्वतःचा ब्लाउज जावयाच्या याच उत्तरावर कित्येक महिने लटकला होता. पण म्हणूनच टेलरला कसं वळवायचं, ते त्यांनाच ठाऊक. त्या पुढे झाल्या. "साहेब, शिवा हो सावकाश. नुसतं माप तरी घ्या."

कडी सरकली. "या," ठकी म्हणाली.

मग सासूबाई हात पसरून उभ्या राहिल्या आणि ठकी स्टुलावर चढून त्यांच्या नाकाचं माप घेऊ लागली. बापाने तेवढ्यात कडी काढून वर ठोकली. पोर मजेत आहे आणि बापाचं लक्ष आहे, आपल्याला काही काळजी वाटत नाही, असं ताईंनी सांगून टाकलं. मग हळूच विचारलं, "आजी, नातीला कधी नेताय?"

सासूबाईंनी रिकाम्या पिशवीकडे पाहिलं, नाकावरच्या टेपकडे पाहिलं.

"उद्या," त्या म्हणाल्या.

टेलरचा जीव भांड्यात पडला. उद्या म्हणजे कधी, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?