भामरे सरांची पॅकेटं

नाशिक रोडच्या आमच्या गल्लीत रविवारी सकाळी एखादा पोरगा ‘तीन यंत्र, तीन यंत्र’ असं पुटपुटत पळताना दिसला, तर त्याला वेडा समजू नका. तो भामरे सरांचा विद्यार्थी आहे. आणि तेवढ्या वेळापुरता तो माणूस नाही, पॅकेट आहे.

पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्यांत सरांचा कॉम्प्युटर क्लास चालतो. बी.ए., बी.कॉम.ची, म्हणजे कॉम्प्युटरशी ज्यांचं काही नातं नाही अशी पोरं तिथे येतात. खालून पीठ उडतं, की-बोर्डवर बसतं, आणि सर सायकलच्या पंपाने ते उडवत शिकवतात. ‘घाबरायचं नाही. तो आपल्यापेक्षा मूर्ख आहे. सांगितल्याशिवाय पाणीसुद्धा पिणार नाही.’

मी आठवीत शाळा सोडलेली. सुरगाण्याच्या पलीकडच्या डोंगरातून इथे मेडिकल दुकानात कामाला आलेली. पहिल्या दिवशी माउसला शिवायच्या आधी मी ओढणीला हात पुसले. ‘पूजा नाही करायची, पोरी. दाब,’ सर म्हणाले. कॉलेजच्या पोरांसमोर त्यांनी माझी शाळा मात्र कधी विचारली नाही. एवढ्यासाठीसुद्धा मी त्यांची जन्मभर ऋणी राहीन.

जे डोळ्यांना दिसत नाही ते अंगाने करून बघायचं, असा सरांचा खाक्या. रॅम, म्हणजे कॉम्प्युटरची तात्पुरती आठवण, शिकवायची तर एकाला फळ्यासमोर उभं करायचं आणि त्याच्या हातांवर दप्तरं, डबे, पाण्याच्या बाटल्या रचत जायचं. तो डगमगला, की सर टाळ्या पिटणार. ‘हा बघा, हँग झाला!’ मग दिवा बंद. दिवा गेला की त्याने सगळं धाडकन खाली टाकायचं. ‘वीज गेली, रॅम रिकामी. म्हणून लेकरांनो, सेव्ह करा!’

इंटरनेटवर निरोप तुकड्यातुकड्यांनी, म्हणजे पॅकेटांनी जातो, हे मात्र ते रस्त्यावर शिकवत. वाक्याचे शब्द सुटे करायचे, प्रत्येकाला एक शब्द आणि त्याचा नंबर द्यायचा, आणि ज्याने त्याने वेगळ्या गल्लीने माईंच्या दारात पोचायचं. माई म्हणजे सरांची थोरली बहीण, जवळच राहतात. शब्द मागेपुढे पोचत. माई मेथी निवडता निवडता ते नंबराने लावत, वाक्य म्हणून दाखवत आणि सांगत, ‘कळवा त्याला, पोचलं.’

‘त्याला’, बस एवढंच. कारण माई सरांशी बोलत नाहीत, हे सगळ्या गल्लीला माहीत. फोन हळू चालतो म्हणाल्या, तर सरांनी उत्साहाच्या भरात तो पुसून कोरा केला. माईंच्या गेलेल्या यजमानांचे फोटो, त्यांचा आवाज, सगळं त्यातच होतं. जगाला ‘सेव्ह करा’ सांगणारा माणूस! तेव्हापासून अबोला. आम्ही येऊन ‘पोचलं’ म्हटलं, की सर फळ्याकडे तोंड करून आधीच पुसलेला फळा पुन्हा पुसत. दर रविवारी हाच धडा का, हे मग मी कधी विचारलं नाही.

मागच्या रविवारी मात्र माईंनी ‘पोचलं’ म्हटलंच नाही.

‘थांबा. आज माझी पॅकेटं न्या,’ म्हणाल्या, आणि आमच्यातल्या चौघांच्या कानात एकेक शब्द सांगितला.

आम्ही पळालो.

‘एक, आज!’

‘दोन, दुपारले!’

मी तिसरी. ‘तीन, जेवाले.’

सर स्टुलावर बसले. ही त्यांच्या घरची, बागलाणातली बोली. क्लासात ती कधी कुणी ऐकली नव्हती. ‘आणि चार?’ त्यांनी विचारलं.

चार म्हणजे विकी. तो बऱ्याच वेळाने उगवला, शर्टावर मिसळीची तर्री घेऊन.

‘कुठे होतास रे?’

‘सर, ट्रॅफिक.’

‘शब्द?’

विकीने छताकडे बघितलं. ‘सर... रॅम रिकामी.’

पोरं खो खो हसली. सर हसले नाहीत. ‘ये’ की ‘येऊ नको’? पॅकेट हरवलं तर पुन्हा मागवायचं, हा त्यांनीच शिकवलेला नियम.

‘सर, विचारून येऊ?’ मी म्हटलं.

‘नको, नको. राहू दे. होतं असं इंटरनेटवर.’

त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता, की मला माझाच वाटला. मी चपला घातल्या आणि निघाले.

माई दारातच उभ्या होत्या. ‘एक शब्द धड नेता येत नाही, आणि म्हणे क्लास चालवतो! जा, सांग त्याला. चौथा शब्द मी दुसऱ्या कुणाच्या हाती देणार नाही. स्वतः येऊन घेऊन जा म्हणावं.’

एवढा मोठा निरोप मी एकटीने, एक शब्द न सांडता आणला. सरांनी तो ऐकला. तोंडावरचं पीठ पुसलं, सवयीने ‘काही शंका?’ विचारलं आणि उत्तराची वाट न बघता जिना उतरले.

दुपारी क्लासची किल्ली द्यायला मी माईंकडे गेले. सर पाटावर मांडी घालून जेवत होते. माई भाकरी वाढत होत्या. मी किल्ली कोनाड्यात ठेवली आणि पाऊल न वाजवता वळले.

‘कुठे चाललीस?’ माई म्हणाल्या. मग सरांकडे बघून, ‘सरक रे जरा. पोरीला बसू दे.’

सर ताटासकट सरकले. घर सोडल्यापासून माझ्यासाठी कुणी असं सरकलं नव्हतं. मी हात धुतले आणि बसले.