मुरुमवर चढाई

हुतूतूचा गडी पारखावा तर कोंडीरामानं, असं मी तेव्हा चारचौघांत बेधडक सांगायचो. मांड्या-दंड बघून गडी घेणारे पुष्कळ. मी दम बघायचो. निजामाच्या अमलाची शेवटची वर्षं होती ती. शेजारच्या मुरुम गावच्या संघानं आमच्या गावाला दर उरुसात लोळवलं होतं. शेवटी गावानं संघ निवडायचं काम माझ्यावर सोपवलं आणि मी संघासकट मुरुम जिंकल्यासारखा गावभर फिरलो.

माझी रीत सोपी होती. उजाडताना गडी ओढ्यात न्यायचे आणि तोंडानं हुतूतू म्हणत वाळूतून पळवायचे. ज्याचा दम सुटला, तो घरी. ओढ्यातच का, तर गावच्या निम्म्या लेकी मुरुमला दिलेल्या. आमचा एक जरी डाव फुटला असता तर दुपारपर्यंत तिकडं पोचला असता. म्हणून सगळ्यांना ताकीद दिली, "कुनीबी इचारलं तरी तोंड उघडायचं न्हाय."

दिवस वाईट होते. सरहद्दीवर टोळ्या नाके लुटतायत असं ऐकू यायचं, चार माणसं एकत्र दिसली की पोलीस हटकायचे. हे माझ्या डोक्यात यायला पाहिजे होतं.

एका सकाळी ठाण्याचे जमादार बाबामियाँ माझ्या दारात आले. मी घरी नव्हतो. बायको, द्वारका, अंगण सारवत होती.

"कोंडीराम कुठं हाय?"

"ओढ्याला गेल्यात जी. मानसं निवडायला."

"कशापायी?"

"मुरुमवर चढाई करायचीय न्हवं," द्वारका कौतुकानं म्हणाली. "काल तिघं मेले म्हनं. पर आमचे मालक मागं सरनारे न्हाईत."

जमादार दोन बंदूकवाले शिपाई घेऊन तडक ओढ्यात उतरले. त्यांना बघून मी पळणारे गडी थांबवले.

"काय चाललंय इथं?" त्यांनी शिंपीकाम करणाऱ्या जलीलला विचारलं. जलीलनं माझ्याकडं बघितलं आणि ओठ मिटले. शेजारच्या उत्तरेश्वरला विचारलं, तोही गप्प. मी निवडलेले गडी भलतेच पक्के निघाले. मग जमादार माझ्याकडं वळले. मला हुतूतू म्हणायचं होतं, पण तोंडातून नुसतं "हु... हु..." येत राहिलं.

"मेलेले तिघं कुठं पुरले?"

शिपायांनी बंदुका सरळ केल्या, तेव्हा जलीलला राहवेना.

"त्यातला एक मीच हाय, जमादारसाब."

मग सगळे एकदम बोलायला लागले. मेला म्हणजे डावात बाद झाला, चढाई म्हणजे खेळातली. जमादारांचा विश्वास बसेना.

"खेळून दाखवा. झूट निघालं तर समदे ठाण्यात."

पहिली चढाई माझी. एवढ्या वर्षांत रेषा इतकी लांब कधी वाटली नव्हती. पलीकडं गडी उभे होते, पण मला दिसत होते ते शिपायांचे बूट. दोन पावलांत दम सुटला. त्यानंतर जलीलला पकडायला धावलो तर उत्तरेश्वरचाच पाय धरून बसलो. जमादार अस्वस्थपणे चुळबुळत होते. आता बेड्या काढणार असं वाटलं, तोच त्यांनी कमरेचा पट्टा सोडून शिपायाच्या हातात दिला.

"अरे, पकड अशी असती का? सरक तिकडं."

तरुणपणी ते पट्टीचे खेळाडू होते, हे आम्हाला कसं ठाऊक असणार? ऊन चढेपर्यंत त्यांनी सगळ्यांना घामाघूम केलं आणि तिथंच संघ ठरवून टाकला. जलील कोपऱ्यात, उत्तरेश्वर मधोमध, बाकीचे आजूबाजूला.

"आन् मी?" मी भीत भीत विचारलं.

"तुझ्यात दम न्हाय," ते पट्टा बांधत म्हणाले.

घरी आलो तर द्वारका दारातच उभी. बंदूकवाले ओढ्याकडं गेल्याचं तिच्या कानावर आलं होतं. डोळे रडून सुजले होते.

"तुमास्नी धरलं न्हाय न्हवं?"

"न्हाय," मी पायताण काढत म्हणालो. "समद्यास्नी धरलं. संघात मलाच तेवढं धरलं न्हाय."