सर, सकाळी चालत होतं

चालणारं यंत्र कोणीही बनवेल. न चालणारं यंत्र परीक्षकांपुढे अदबीने उभं करायला मात्र चार वर्षांचं शिक्षण लागतं. इंदूरच्या आमच्या इंजिनीअरिंग कॉलेजात प्रकल्प समन्वयक या नात्याने मी अठरा वर्षं ही विद्या जपतो आहे. शेवटच्या वर्षात पाऊल ठेवणाऱ्यांनी पुढचा सल्ला वहीत उतरवून घ्यावा (वही नसल्यास सीनियरची घ्यावी, बाकी सगळं तिथूनच घ्यायचं आहे).

विषय निवडताना डोकं चालवू नये. विषय विभागाच्या कपाटात आहेत. टाकी भरली की शिट्टी वाजवणारं यंत्र आमच्याकडे आजवर अकरा बॅचेसनी शोधून काढलं आहे. अहवाल आधी बांधून घ्यावा, सोनेरी अक्षरांत. काम मागाहून जमलं तर पाहावं. आभाराच्या पानाला हात लावू नये. ज्या प्राचार्यांच्या 'अमूल्य मार्गदर्शनाबद्दल' आम्ही आभार मानतो, त्यांना वारून सहा वर्षं झाली. मार्गदर्शन कमी पडल्याची तक्रार अद्याप नाही.

प्रात्यक्षिकाला बटण दाबावं. काही होणार नाही. मग मान खाली घालून म्हणावं, "सर, सकाळी चालत होतं." बाहेरून आलेले परीक्षक म्हणतात, "होता है, होता है." मग पोहे येतात. आमच्या नोंदींप्रमाणे शंभरातले सत्त्याण्णव प्रकल्प सकाळी चालत होते (उरलेले तीन आदल्या दिवशी).

ही बसलेली घडी ऋजुताने विस्कटली. तिचे वडील पंढरीनाथजी सांवेर रोडच्या एका कारखान्यात पत्रा कापायच्या प्रेसवर आहेत. उजव्या हाताला बोटं साडेतीन. प्रेसमध्ये हात गेला की प्रेस जागच्या जागी थांबेल, असं यंत्र या मुलीने स्वतः बनवलं. भंवरकुआंच्या दुकानांत तयार प्रकल्प खोक्यात घालून, अहवालासकट मिळत असताना! प्रात्यक्षिकात तिने छोट्या प्रेसमध्ये पत्रा सरकवला. तो कापला गेला. मग आपला हात सरकवला. प्रेस थांबला.

पोहे कधी मागवायचे तेच कोणाला कळेना. परीक्षक देवदत्तजींनी फॉर्म उलटून-पालटून पाहिला. रकाना सात : 'प्रकल्प न चालण्याचं कारण'. तो रिकामा असेल तर सही नाही, आणि सही नाही तर डिग्री नाही.

"बेटा, काही तरी लिहून दे ना," देवदत्तजी म्हणाले.

"पण सर, चालतंय ना ते! बरोबर चालतंय. काय लिहू?"

"बस, येही तो प्रॉब्लेम आहे."

मी दयाळू माणूस आहे. दुसऱ्याच दिवशी फेरपरीक्षा ठेवली. पुण्यातल्या एका कंपनीने तिला नोकरी दिली होती, पण डिग्री दाखवल्यावर. त्या दिवशी पंढरीनाथजी अर्धी सुट्टी टाकून आले आणि दारातच तिला म्हणाले, "पहिले पास हो, बेटा. मशीनचं नंतर बघू."

ऋजुताने एक वायर उपटली. बटण दाबलं. काही झालं नाही. रडू आवरत ती म्हणाली, "सर, सकाळी चालत होतं." अठरा वर्षांत हे वाक्य खरं बोललेली ती पहिलीच विद्यार्थिनी. देवदत्तजी खुलले, "होता है, होता है." रकाना सातमध्ये 'वायर निघाली' असं लिहिलं गेलं आणि जीरावन मसाला टाकलेले पोहे आले. मलाही, खोटं कशाला बोलू, गहिवरून आलं.

शंभरापैकी ब्याण्णव मिळाले. विभागात पहिली आली, पुण्याला रुजू झाली. हुश्श केलंत ना? सगळेच करतात.

नियमाप्रमाणे यंत्र कॉलेजच्या मालकीचं झालं आणि कपाटात गेलं. पंढरीनाथजी सोमवारी त्याच प्रेसवर हजर झाले. ही हकीकत मी कौतुकाने शेकडो लोकांना सांगितली आहे. मार्क किती पडले, हे प्रत्येकाला ऐकायचं असतं. कपाटाची किल्ली माझ्याच खिशात असते, पण ती अजून कोणी मागितलेली नाही. तुम्हीसुद्धा नाही.