डावा खांदा

तो व्हिडिओ मीच काढला आणि गल्लीच्या ग्रुपवर टाकलाही मीच. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढं उत्तमकाकांच्या गमती सांगताना मी साळसूद वाटायला नको.

उत्तमकाका माणसाला आधी मागून बघतात. तुम्ही नमस्कार केला की ते वळसा घालून तुमच्या पाठीशी जाणार, खांदे न्याहाळणार आणि मगच "बरंय का?" विचारणार.

जन्मभर एसटी चालवून त्यांचे मणके खिळखिळे झालेले. लेकीकडं पुण्याला उपचाराला गेले, तिथल्या डॉक्टरबाईंनी त्यांना पिलाटिस नावाचा व्यायाम शिकवला. आमच्या परतूरला परत आले ते दोन रबरी चटया घेऊन. पिलाटिस म्हणजे काय विचारलं तर म्हणायचे, "श्वास, पोट अन् पाठ एका गिअरमधी आणायची." काकू गेल्या, तसा त्यांनी गच्चीवर सकाळचा वर्गच सुरू केला. फुकट. आधी प्रत्येकाला भिंतीला उभं करायचे. टाचा, पाठ, डोकं, सगळं भिंतीला टेकलं पाहिजे.

"पाठ म्हंजे चेसिस हाय. चेसिस वाकली, मंग वरून पत्रा चकाचक करून काय फायदा?"

बँकेच्या रांगेत ते अनोळखी माणसाची हनुवटी आत ढकलत. एका लग्नात स्टेजवर चढून नवरदेवाला पोट आत घ्यायला लावलं. फोटो मात्र झकास आला.

मी शाळामास्तर. वह्या तपासून कंबर धरलेली, बुटाची नाडीसुद्धा बायको बांधायची. काकांनी रोज मागं उभं राहून मला सरळ केलं. उन्हाळा लागेपर्यंत नाडी माझी मी बांधू लागलो.

आणि मी काय केलं? एके सकाळी काका चटईवर उताणे, पाय हवेत, दोन्ही हात खालीवर, तोंडानं फुस्सफुस्स. शेजारी किराणावाले रफिकभाई तसेच. मी गुपचूप शूटिंग केलं, मागं बँडबाजा जोडला आणि वर लिहिलं, 'ब्रेक फेल'. गल्ली संध्याकाळपर्यंत हसत होती. दुसऱ्या दिवसापासून वर्गाला कुणी फिरकेना; रफिकभाईंना दुकान लवकर उघडायचं असे, कुणाकडं पाहुणे असत. मीही गेलो नाही. तोंड कुठं होतं मला?

आठवड्यानं टाकी बघायला आमच्या गच्चीवर चढलो. पलीकडच्या गच्चीवर काका एकटेच. दुसरी चटई अंथरलेली, रिकामी. त्यांनी मोबाईल घागरीला टेकवून ठेवला होता. त्याच्याकडं पाठ करून ते सावकाश वाकले, उठले. मग चष्मा लावून मोबाईलमध्ये स्वतःची पाठ बघितली, मान हलवली आणि पुन्हा जाऊन उभे राहिले.

मधला कठडा ओलांडून मी गेलो. त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

"गुरुजी, तुमच्या व्हिडिओत माझी कंबर उचलून राह्यली ना. तव्हाच सांगायचं."

त्यात टोमणा नव्हता, हेच जास्त लागलं.

"आपली पाठ आपल्याला कुठं दिसती? तुमची काकू होती तव्हा ती सांगायची."

वर्ग कशासाठी उघडला होता, ते मला तेव्हा कळलं. मी त्यांच्या मागं जाऊन उभा राहिलो.

"काका, डावा खांदा वर आहे."

खांदा खाली आला. त्यांचं तोंड भिंतीकडं होतं, म्हणून असेल, पुढचं बोलता आलं.

"काका, माझं चुकलं. मी लोकांना तुमच्यावर हसवलं. मला माफ करा."