धोंडूबुवांचा कातळ

धोंडूबुवांच्या काव्याचा उगम निसर्गात आहे, असं हरिनाम सप्ताहाच्या मांडवात दरवर्षी माइकवरून सांगितलं जाई. नव्वद सालानंतर मी पोलादपूरजवळच्या कापड्याला मास्तर म्हणून गेलो आणि बरीच वर्षं बुवांच्या भिंतीला भिंत लावून राहिलो. उगम स्वयंपाकघरात होता.

हाताखाली काहीतरी वाजल्याशिवाय बुवांना ओळ सुचत नसे. पखवाज देवळात, म्हणून घरातली भांडी. विठ्ठलाचं रूप डोळ्यांपुढे आलं की कालवणाच्या टोपाला पोचा आलाच. मग भिंतीपलीकडून त्यांच्या बायकोचा, पारूवहिनींचा, आवाज यायचा, "उठा. भायेर जावा." बुवा खताची रिकामी गोण आणि छत्री उचलून ओढ्याकाठच्या कातळावर जाऊन बसत. वाटेत मी भेटलो तर म्हणत, "देवाला छप्पर लागत नाय, मास्तर."

देवाला नसेल, बुवांना लागत असे. ऊन त्यांना सोसायचं नाही, जळवांची धास्ती होती आणि कातळावरच्या मुंगळ्यांशी कायमचं वैर. पण म्हणूनच त्यांचे अभंग मला आवडत. इतरांच्या कवितेतल्या रानात नुसता सुगंध दरवळतो. बुवांच्या रानात पांडुरंग एका पायाने दुसरा पाय खाजवत उभा असे. करवंदीचा काटा, शेणात रुतलेलं पाऊल, पाण्यावर टपलेला खंड्या, सगळ्यांत देव, आणि देवाची थोडी गैरसोय. इतकी खरी भक्ती मी छापील पुस्तकांत कमी पाहिली. शेवटच्या ओळीत "धोंडू म्हणे" ठरलेलं. दर सप्ताहाला एक नवा अभंग, हेही ठरलेलं.

एका पावसाळ्यात पारूवहिनी गेल्या. भात घरात आलं, सप्ताह तोंडावर आला, तरी बुवा पडवीतून हलेनात. भांडीही गप्प होती. भजनी मंडळींनी मला मध्ये घातलं. मी बुवांना म्हटलं, कातळावर चला, हवं तर मी सोबत येतो.

"जायला काय, जाईन," बुवा म्हणाले. "पण घालवनार कोण?"



पुढच्या आठवड्यात एका सकाळी भिंतीपलीकडे टोप वाजला. थोडा वेळ वाजला आणि थांबला. मग बुवांचाच आवाज आला, जरा करडा केलेला: "उठा. भायेर जावा." मी दाराशी आलो, तोवर काखेत गोण मारून ते निमूट ओढ्याच्या वाटेला लागले होते.

सप्ताहात नवा अभंग गायला गेला. मुंगळे होते. शेवटी मात्र "पारू म्हणे" होतं. माइकवरून निसर्गाचे आभार मानून झाले, आणि बाहेरगावच्या कीर्तनकारांनी हात जोडून विचारलं, या पारू कोणत्या काळातल्या संत?

"आमच्या घरातली," बुवा म्हणाले. "तिला अभंगाचा लय कंटाळा."